दगडावरचा आळ

आमच्या पिशोरात हल्ली जुने धाब्याचे घर पाडायचे ठरले, की पाडणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द असतो : किल्लारी! तो उच्चारला की वादच खुंटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून निजलेली हजारो माणसे लातूर-धाराशिव भागात दगडमातीखाली गाडली गेली. त्या दुःखापुढे तोंड कोणी उघडावे? मी उघडतो. कारण ज्याच्यावर आळ आला तो दगड निरपराध आहे.

माणसे मेली ती बांधणीच्या दोषाने. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये चिपा नि माती. दोन्ही थरांना आरपार सांधणारा लांब दगड मात्र नाही. धक्का बसताच थर फाकले. त्यात माथ्यावर वर्षानुवर्षे माती घालघालून साचलेले ओझे! उलट, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा कितीतरी घरांत भिंती ढासळूनही उभा राहिला.

यावर उपाय नाहीत का? दर चार फुटांवर आरपार दगड, दारांच्या माथ्याशी घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, धाब्यावरची माती कमी. जुन्या भिंतीलाही भोक पाडून, कांब घालून काँक्रीट भरले, की तिला तसाच सांधा मिळतो. भारतीय मानक ब्यूरोने असल्या कच्च्या बांधकामांसाठी १९९३ सालीच मार्गदर्शिका काढली. ती वाचतो कोण! स्लॅब सांगणाऱ्याला पोटापुरते गिऱ्हाईक हवे असते.

इंग्लंडात कॉट्सवोल्डच्या खेड्यांत शेतकऱ्यांची दगडी घरे तीन-तीनशे वर्षे नांदत आहेत. तेथे १९४७ च्या कायद्यापासून अशा घरांची यादी होते आणि यादीतले घर खुद्द मालकालाही परवानगीवाचून पाडता येत नाही. तेथे भूकंपाचे भय नाही म्हणा. पण आपल्याकडे वैशाख तर आहे ना? हातभर रुंद भिंतीचा गारवा सोडून आम्ही चार इंची स्लॅबखाली भाजून निघतो, आणि रात्री खाट घेऊन अंगणात येतो. धान्याचे बळद गेले, ओसरी गेली, दिवाळीची पणती ठेवायला देवळीसुद्धा उरली नाही.

पाडलेल्या घरांचे घडीव दगड ट्रॅक्टरांतून जाताना मी पाहतो. चौकशी केली, तेव्हा कळले : शहराकडच्या एका हॉटेलाच्या दर्शनी भिंतीसाठी ते चांगल्या भावाने विकले गेले आहेत.