विश्लेषण : मोबाइलवरच्या समुपदेशकाला आधी काय विचाराल?

नवरा-बायकोचे पटत नाही. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवले म्हणून घरात अबोला आहे. नोकरी गेल्यापासून झोप उडाली आहे. असली दुखणी पूर्वी मामा-मावशीच्या कानावर जात, फार तर फॅमिली डॉक्टरच्या. आता ती मोबाइलवर सांगितली जातात. ॲपवर ४५ मिनिटांचे सेशन मिळते, इन्स्टाग्रामवर ‘रिलेशनशिप कोच’ भेटतात आणि एकेकाळी लोकलच्या डब्यात ज्यांचे स्टिकर चिकटवलेले असत ते ‘प्रेमात अपयश? २४ तासांत गॅरंटी’वाले बाबाही व्हॉट्सॲपवर आले आहेत. पडद्यावर हे सगळे एका रांगेत, एकाच आकाराच्या चौकटीत दिसतात, हीच खरी अडचण आहे. बाबांसाठी निदान २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोचसाठी काय आहे?

ऑनलाइनची गरज कुणाला?

गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ असला तरी त्याच्या दवाखान्याबाहेर बसलेले कोणी पाहिले की संध्याकाळपर्यंत गावभर होते. फोनवर ती भीती नसते. फोनवरचे समुपदेशन आपल्याकडे नवेही नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर चालते.

भाषेचा मुद्दा तर फार कमी बोलला जातो. ‘घुसमट होते’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘येता-जाता टोमणे ऐकावे लागतात’ ही वाक्ये इंग्रजीत सांगताना अर्धी मरतात. जर्मनीत किंवा अमेरिकेत नोकरीला असलेल्या मराठी माणसाला तिथल्या समुपदेशकाला आधी ‘सासूबाई आमच्यातच राहतात’ म्हणजे काय, हेच दोन सेशन समजावावे लागते. त्याला पुण्यातला समुपदेशक व्हिडीओ कॉलवर मिळणे ही चैन नव्हे.

‘समुपदेशक’ कोण म्हणवू शकतो?

आज तरी जवळजवळ कोणीही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची वैद्यक परिषदेकडे नोंदणी असते आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑनलाइन चिठ्ठीवर त्याने नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदवलेला असतो आणि तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. यानंतर मात्र मोकळे रान आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलेली बाईही समुपदेशक आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीला लावणाराही समुपदेशक.

ही फट बुजवण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशनाशी संबंधित व्यवसाय त्याच्या यादीत आहेत. पण राज्यांच्या परिषदा उभ्या करायलाच इतकी चालढकल झाली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. नळ दुरुस्त करणाऱ्याचे रेटिंग आपण पाहतो, पण संसार मोडायचा की टिकवायचा, यावर सल्ला देणाऱ्याची नोंदवही शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. याची लाज सरकारला वाटायला हवी, तेवढीच अशा लोकांना व्यासपीठ देऊन कमिशन घेणाऱ्या ॲपनाही.

तोपर्यंत तपासणी आपल्यालाच करावी लागेल. पैसे भरण्याआधी सरळ विचारावे : शिक्षण काय, कुठून, किती वर्षे हेच काम करता, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, माझी अडचण तुमच्या आवाक्याबाहेरची निघाली तर मला कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाला ‘तशी वेळच येत नाही’ असे उत्तर आले तर फोन ठेवावा. पहिल्याच कॉलमध्ये ‘घटस्फोट घ्या’ किंवा ‘बाईनेच जमवून घ्यायचे असते’ असा निकाल देणाराही समुपदेशक नव्हे. आणि दहा सेशनचे पॅकेज आगाऊ विकणाऱ्यापासून चार हात दूर.

सांगितलेले गुपित जाते कुठे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण ॲप म्हणजे नुसता समुपदेशक नाही. त्याच्यामागे कंपनी असते. अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशनातल्या बड्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठपका ठेवला : माहिती गुप्त ठेवू असे सांगून ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्यविषयक प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही, पण ७८ लाख डॉलर भरण्याची तडजोड केली. नोंदणी करतानाच ‘तुम्ही विवाहित आहात का, मनात आत्महत्येचे विचार येतात का’ असे विचारणाऱ्या ॲपला उत्तर देण्याआधी हे प्रकरण आठवावे. टोपणनावाने बोलता येते का आणि खाते काढून टाकले की नोंदीही पुसल्या जातात का, हे दोन प्रश्न इथे उपयोगी पडतात.

भिंतीला कान असतील तर?

कंपनीपेक्षा जवळचा धोका घरात असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, मुले आणि टीव्ही असताना बाई कुठे बसून बोलणार? अनेकजणी गच्चीवर, जिन्यात किंवा भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडून बोलतात. सिम नवऱ्याच्या नावावर असते, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, यूपीआयच्या यादीत समुपदेशकाचे नाव उमटते. चांगला समुपदेशक पहिल्या मिनिटात विचारतो, ‘आत्ता बोलता येईल ना? कोणी आले तर कोणता शब्द वापराल?’ जो हे विचारत नाही त्याने अशा घरातली माणसे पाहिलेली नाहीत, असे खुशाल समजावे.

मारहाण होत असेल तर मात्र माझे मत ठाम आहे : नवरा-बायकोला एकत्र बसवून व्हिडीओ सेशन करू नये. पत्नी कॅमेऱ्यासमोर जे बोलली त्याचा हिशेब कॅमेरा बंद झाल्यावर चुकता होतो. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीसाठी ११२, किंवा पोलिसांबरोबर काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष अधिक उपयोगाचे. या कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत झाली. तिथले सामाजिक कार्यकर्ते समजूतही घालतात आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ताही दाखवतात. कोणत्याही ॲपला दुसरे काम जमत नाही.

आणि चॅटबॉट?

रात्री दोन वाजता तो जागा असतो, कंटाळत नाही, म्हणून तरुण मुले त्याच्याशी बोलतात. पण तो बहुधा आपलीच री ओढतो आणि भांडणाची एकच बाजू ऐकून नात्यावर बोलतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयने स्वतंत्रपणे मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे त्यावर अजून धड चर्चाही नाही.

फुकट आणि मराठीत काय मिळते?

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीचा पर्याय निवडता येतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज पडली तर फोन तज्ज्ञाकडे जातो. आत्महत्येचे विचार येत असतील तर ॲपवर तासाचे दर पाहत बसण्याआधी हा क्रमांक फिरवावा.

पण जुनाट भांडणे, वर्षानुवर्षांचा अबोला, लग्नाआधीच्या शंका यांना एक फोन पुरत नाही. त्यासाठी तोच माणूस आठवड्यामागून आठवडा भेटावा लागतो. कुटुंब न्यायालयांत १९८४ च्या कायद्यानुसार विवाह समुपदेशक असतात. पण तिथे पाऊल पडते तेव्हा सहसा वकीलपत्र झालेले असते. पहिले भांडण आणि पहिली नोटीस यांच्या मधली दोन-चार वर्षे सरकारी व्यवस्थेत कुणाचीच नाहीत आणि ऑनलाइन बाजार उभा राहिला आहे तो नेमका तिथेच.