बॅटरी वाचवली, गोळी चुकली

फिट येऊन पडलेला एक तरुण परवा वॉर्डात दाखल झाला. गोळी चुकली होती, कारण मोबाइलवरचं आठवण देणारं अ‍ॅप दोन दिवस वाजलंच नव्हतं. बॅटरी टिकावी म्हणून घेतलेल्या ‘टास्क किलर’ने ते सक्तीने बंद केलं होतं. अँड्रॉइडमध्ये असं अ‍ॅप आपण पुन्हा उघडेपर्यंत त्याचे गजर रद्दच राहतात. आणि बॅटरी तरी वाचते का? मेमरी फोन स्वतःच सांभाळतो. बंद पाडलेलं अ‍ॅप मुळापासून सुरू होताना उलट जास्त वीज खातं. गरज नसताना घेतलेल्या टॉनिकसारखाच हा प्रकार! खरे खादाड म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि कमजोर नेटवर्क. ‘टास्क किलर’ काढूनच टाका. गोळीसाठी मी तर फोनच्या घड्याळातला साधा गजर लावायला सांगतो.