भीड आणि हिमकडा

भीड भिकेची बहीण, असें आपले पूर्वज सांगून गेले. ती मृत्यूचीहि बहीण आहे, हें आम्हांस गुलमर्गच्या बर्फांत कळलें; आणि कळूनहि त्या वेळीं आम्हीं तोंड उघडलें नाहीं, म्हणून आज लेखणी उचलणें भाग आहे.

मागें एका हिंवाळ्यांत चार मित्रांसह शनिवार-रविवार गांठून आम्ही तेथें गेलों होतों. अफरवटचा गोंडोला माणसास चार हजार मीटरांच्या जवळपास नेऊन सोडतो. तेथून कांहीं उतार आंखलेले व राखलेले असतात. पण स्नोबोर्डच्या फळीवर दोन्ही पाय बांधून घसरणाऱ्याचें मन रमतें तें त्या आंखणीच्या पलीकडे, जेथें ताज्या बर्फावर कोणाचीहि रेघ उमटलेली नसते. त्या आनंदाची आम्ही थट्टा करणार नाहीं. गुडघाभर भुसभुशीत बर्फांतून निःशब्द तरंगत येण्याचें सुख ज्यानें चाखलें नाहीं, त्यानें त्याला खूळ म्हणूं नये.

रविवारीं सकाळीं आम्ही एका घळीच्या तोंडाशीं उभे होतों. रात्रभर बर्फ पडलें होतें, वारा सुटला होता, हिमप्रपाताची सूचना आदल्या दिवशींच निघाली होती. पायांखालचें बर्फ पोकळ वाजत होतें. आम्हांस परत फिरावेंसें वाटलें. पण सोमवारीं कचेरी गांठावयाची होती, विमानाचें भाडें भरलेलें होतें, आणि पांचांत सर्वांत कच्चे आम्हीच होतों. भित्रा म्हणून कोण मिरवणार? आम्ही गेलों. कांहीं झालें नाहीं. संध्याकाळीं परतीच्या वाटेवर एकानें सहज कबूल केलें कीं, त्यालाहि जावयाचें नव्हतें. मग दुसरा बोलला, मग तिसरा. पांचांपैकीं चौघांस जावयाचें नव्हतें, आणि पांचहि गेले!

कांहीं झालें नाहीं, हेंच खरें अनिष्ट. डोंगर प्रत्येक चुकीला शिक्षा करीत नाहीं. तो अनेक वेळां क्षमा करतो, आणि त्या क्षमेलाच आपण आपलें कौशल्य समजूं लागतों. त्याच अफरवटवर १ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोलंडचे दोघे गाडले गेले; २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं गुलमर्गच्याच उतारावर रशियाचा एकजण गेला.

हा प्रपात आकाशांतून कोसळत नाहीं. जुन्या बर्फाचा एखादा थर आंतून साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो. त्यावर नवें व वाऱ्यानें लोटून आणलेलें बर्फ घट्ट पाटासारखें बसतें. आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो पाट सुटावयास एका माणसाचा भार पुरतो. जीवघेण्या अपघातांत हा भार बहुधा सांपडलेल्याचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्याचाच असतो. तेव्हां दैवाला दोष देणाऱ्यांनीं तो आधीं स्वतःकडे घ्यावा.

कोणी म्हणेल, हा नवशिक्यांचा दोष. तसें नाहीं. १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत टनेल क्रीकच्या उतारावर निघालेले सोळाजण त्या विद्येंतले मुरलेले लोक होते. धोक्याची सूचना तेथेंहि निघालेली होती. तिघे दगावले. मागाहून कित्येकांनीं कबूल केलें कीं, मनांत शंका होती, पण इतके जाणते बरोबर असतां ती बोलून दाखविली नाहीं. इयन मॅकॅमन या संशोधकानें १९७२ ते २००३ या काळांतील ७१५ अपघात तपासून २००४ सालीं हेंच मांडलें. ओळखीची जागा, सोबत्यांत मान मिळविण्याची हौस, ठरल्या बेताचा हट्ट आणि जाणत्यावर टाकलेला भार, या मनाच्या खोडी डोळ्यांसमोरच्या खुणांवरहि मात करतात.

यावर दोन पक्ष उठतात. एक म्हणतो, ही श्रीमंतांची चैन बंदच करा. बंदीनें डोंगराची ओढ संपत नाहीं. ती फक्त चोरवाटेनें जाते, आणि वाटाड्यास घरीं ठेवून जाते. दुसरा म्हणतो, शंका काढीत बसल्यास साहसाचा आत्माच मरेल. आम्ही विचारतों, मित्रांच्या तोंडाकडे पाहून मुकाट्यानें चालणें, हें साहस कसलें? चौघांच्या उत्साहासमोर एकट्यानें ‘नको’ म्हणावयास जें धैर्य लागतें, त्यापुढें घळींत उडी घेणें पोरखेळ होय.

बीकन, फावडें आणि लांब सळई जवळ असली म्हणजे झालें, असेंहि कोणी समजूं नये. तीं असलींच पाहिजेत. परंतु स्वित्झर्लंडमधील अपघातांची नोंद सांगते कीं, दहा मिनिटांच्या आंत बाहेर काढलेल्या दहांपैकीं नऊजण वांचतात, आणि अर्धा तास लोटल्यावर जेमतेम तीन. फावडें हा शेवटला उपाय आहे. पहिला उपाय जीभ!

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. निघण्यापूर्वींच ठरवावें कीं, एकानें ‘नको’ म्हटलें तर सर्वांनीं परतावें. कारण विचारूं नये, हंसूं नये. प्रथम मत सर्वांत कच्च्या गड्यानें द्यावें, म्हणजे त्याच्यावर कोणाचें दडपण येणार नाहीं. स्थानिक वाटाड्या घ्यावा, आणि त्यानें मान हालविली तर त्याच्याशीं घासाघीस करूं नये. उतारावर एका वेळीं एकानेंच जावें, इतरांनीं निर्धास्त जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. आणि परतीच्या तिकिटापूर्वीं एक दिवस मोकळा ठेवावा; घाईनें जितके बळी घेतले असतील, तितके धाडसानेंहि घेतले नसतील.

राहतां राहिले आईबाप. मुलगा किंवा मुलगी अशा सहलीस निघाली कीं ते ‘जपून जा’ म्हणतात, आणि ते शब्द कानाबाहेर राहतात. त्यांनीं एवढेंच विचारावें: ‘तुमच्यांत नको म्हणणारा कोण आहे?’ उत्तरादाखल कोणाचेंहि नांव आलें नाहीं, तर पिशवी खुशाल उतरवून ठेवावी. आमच्या पांचांत असा कोणी नव्हता. आम्ही परत आलों, हा आमचा गुण नव्हे.