एकाच खात्यावरचे जंगल

जर्मनीच्या उत्तरेकडील सपाट मैदानातून एकाएकी वर उठलेला हार्त्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. ब्रॉकेन हे त्यातील सर्वोच्च शिखर. उंची 1,141 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे पाचशे मीटरने कमीच; परंतु संपूर्ण उत्तर जर्मनीत याहून उंच स्थान नाही. या शिखराच्या पायथ्याशी, काल्टे बोडे म्हणजे ‘थंड बोडे’ या लहानशा नदीच्या काठी शीर्के हे गाव वसले आहे. वस्ती काही शेकड्यांची. एक मुख्य रस्ता, एक दगडी चर्च, पाहुण्यांसाठी खोल्या देणारी घरे, आणि सर्व बाजूंनी डोंगर. चिरंजीव नोकरीनिमित्त हानोव्हरला असतात. तेथून रेल्वेने वेर्निगेरोडे आणि पुढे बसने असा प्रवास करून आम्ही उभयतांनी सप्टेंबरमधील पाच दिवस या गावी काढले.

गाव लहान असले तरी साहित्यात त्याचे नाव मोठे आहे. महाकवी गटे यांच्या ‘फाउस्ट’मध्ये चेटकिणींच्या मेळ्याचा जो प्रसिद्ध प्रवेश आहे, त्याच्या आरंभीच्या स्थळनिर्देशात ‘शीर्के आणि एलेंड यांचा परिसर’ असे स्पष्ट म्हटलेले आहे. याच गटे यांनी ‘शाकुंतल’ वाचून त्याची मुक्तकंठाने स्तुती केली होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. एलेंड हे शेजारचे गाव. आजच्या जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘दैन्य’ असा होतो, मुळात मात्र ‘परका मुलूख’ असा होता. परक्या मुलखात गेलेला माणूस दीन होतो, एवढा सगळा इतिहास त्या एका शब्दात साठला आहे. व्यापारानिमित्त मारवाड-गुजरात सोडून आलेल्या आपल्या पूर्वजांना हा अर्थविस्तार लगेच पटला असता.

शीर्के ते एलेंड ही नदीकाठची वाट सर्वांत सोपी आहे. चढ जवळजवळ नाहीच. साठी ओलांडलेल्या माणसानेही रमतगमत दीड तासात पार करावी अशी. दुसरी वाट गावाच्या दक्षिणेस असलेल्या श्नार्खर नावाच्या ग्रॅनाइटच्या दोन जुळ्या कड्यांकडे जाते. श्नार्खर म्हणजे घोरणारे. वारा विशिष्ट दिशेने सुटला की त्या कड्यांमधून घोरल्यासारखा आवाज येतो अशी ख्याती आहे. आम्ही गेलो तेव्हा दोघेही जागे होते. तेथील खडकात चुंबकीय गुण असल्यामुळे होकायंत्राची सुई मात्र खरोखर भरकटते. तिसरी आणि मुख्य वाट एकरलोखमार्गे ब्रॉकेनवर जाते. अंतर सुमारे सहा किलोमीटर, चढ पाचशे मीटरचा, आणि वरच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांवरून पाऊल जपून टाकावे लागते. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी दहा-अकरा किलोमीटरचा डांबरी रस्ता धरावा किंवा सरळ वाफेच्या इंजिनाच्या आगगाडीत बसावे. अरुंद रुळांची ही गाडी 1899 पासून ब्रॉकेनपर्यंत जाते.

या वाटेवर पाऊल टाकताच नजरेला पडते ते दृश्य कोणत्याही पर्यटनपत्रिकेच्या मुखपृष्ठावर छापलेले नसते. डोंगराच्या उतारांवर लाखो झाडे उभ्याउभ्याने वाळलेली आहेत. साल गळून पडलेले राखाडी खुंट, आडवे पडलेले बुंधे, आणि त्यांच्यामधून गुडघ्याइतके गवत. सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की एवढा व्यवस्थित देश, मग ही झाडे कोणी उचलून का नेत नाही? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यात आमचे उरलेले चार दिवस गेले, आणि मला वाटते की ते व्यापारी घरांतील वाचकांनी जाणून घेण्याजोगे आहे.

हार्त्स हा मूळचा खाणींचा प्रदेश. गोस्लार गावाजवळील रामेल्सबेर्ग येथील खाण हजार वर्षांहून अधिक काळ चालली आणि 1988 मध्ये बंद झाली. चांदी, शिसे, तांबे. खाणीला लाकूड तीन प्रकारे लागे: बोगद्याचे छत तोलून धरण्यास टेकू म्हणून, खडकाला आग लावून तो तडकवण्यासाठी, आणि धातू गाळण्याकरिता लागणाऱ्या कोळशासाठी. मूळचे जंगल खालच्या उतारांवर बहुतांशी बीच या रुंद पानांच्या वृक्षाचे होते; स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष उंचावरच्या थंड भागात वाढे. शतकानुशतके तोड झाल्यावर उतार उघडे पडले. (श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म आणि स्फोटककर्म यांचा उल्लेख येतो. कोळसा, जंगलतोड आणि खोदकाम हे तिन्ही उद्योग एकमेकांच्या आधाराने चालत, हे हार्त्सचा इतिहास वाचताना प्रथमच माझ्या नीट ध्यानात आले.)

लाकूड संपले तर चांदीही संपेल, ही भीती त्या काळच्या राज्यकर्त्यांना होती. शेजारच्या सॅक्सनी राज्यातील फ्रायबेर्ग येथे खाणखात्याचे प्रमुख असलेले हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्ये वनशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे जंगल सतत उत्पन्न देत राहील, असे त्याचे सार. आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतो त्या संकल्पनेचा उगम या ग्रंथात मानला जातो. तो एका खाण-अधिकाऱ्याने, लाकडाचा पुरवठा आटू नये या चिंतेने लिहिला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्याज खर्च करावे, मुद्दलाला हात लावू नये, हे आपल्याकडे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला शिकवले जाते. त्यांनी ते झाडांना लागू केले.

नियम उत्तम होता आणि तो पाळलाही गेला. उघड्या उतारांवर पुन्हा लागवड झाली. परंतु ती मुख्यत्वे स्प्रूसची, खालच्या उतारांवरसुद्धा. हे झाड सरळ आणि लवकर वाढते, त्याचे टेकू चांगले होतात, भाव चांगला मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजांनी नुकसानभरपाई म्हणून येथील मोठी जंगले तोडून नेली. त्यानंतरही पुन्हा स्प्रूसच लावला गेला. हिशेबाच्या वहीत सर्व काही बरोबर होते: जितके तोडले तितके लावले. केवळ सगळी शिल्लक एकाच खात्यावर होती.

बँकेत असताना कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. एकाच कर्जदाराला किंवा एकाच उद्योगसमूहाला किती द्यावे यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली आहे. नव्या अधिकाऱ्यांना ती जाचक वाटते, कारण मोठा कर्जदार बहुधा सर्वांत चांगला कर्जदार असतो. हप्ते वेळेवर, कागदपत्रे चोख, शाखेचे उद्दिष्ट एका सहीत पूर्ण. अशा खात्यास नकार देण्यासाठी फार मोठे मन लागते. स्प्रूस हा हार्त्सचा असा कर्जदार होता. अडीचशे वर्षे त्याने एकही हप्ता चुकवला नाही.

जानेवारी 2018 मध्ये फ्रीडरिके नावाचे वादळ आले आणि हार्त्समधील असंख्य झाडे उन्मळून पडली. त्या पाठोपाठ 2018, 2019 आणि 2020 असे लागोपाठ तीन कोरडे उन्हाळे. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा आहे. तो सालीच्या आतल्या बाजूस जे बोगदे कोरतो ते छापील ओळींसारखे दिसतात, म्हणून जर्मन लोक त्याला ‘पुस्तकछाप्या’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. निरोगी झाड राळ सोडून या किड्याला बुडवून मारते. पाण्याअभावी राळ आटली की झाड निःशस्त्र होते. उष्ण वर्षी या किड्याच्या दोन-तीन पिढ्या निघतात, आणि त्यांना एका स्प्रूसवरून दुसऱ्यावर जाण्यास वाटेत निराळे झाड आडवेच येत नाही. उरलेले चित्र डोळ्यांसमोर होतेच.

आता सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे येतो. शीर्केभोवतीचा मोठा भाग हार्त्स राष्ट्रीय उद्यानात मोडतो. पूर्व आणि पश्चिम बाजूंची दोन स्वतंत्र उद्याने 2006 मध्ये एकत्र करून ते तयार झाले. क्षेत्र सुमारे 247 चौरस किलोमीटर. निसर्गाला निसर्ग असू द्यावे हे त्यांचे ब्रीद आहे, आणि बहुतांश भागात वाळलेली झाडे ते जाणीवपूर्वक जागेवरच सोडतात. कुजणारे बुंधे ओल धरून ठेवतात, सावली देतात, आणि त्यांच्या आडोशाने रोवन, भूर्ज, विलो यांची रोपे आपोआप उगवतात. काही ठिकाणी उद्यानाने बीचची रोपेही लावली आहेत. रानमांजराच्या कुळातील लिंक्स हा प्राणी येथून नामशेष झाला होता. 2000 ते 2006 या काळात असे 24 प्राणी सोडण्यात आले आणि आता ते तेथे स्थिरावले आहेत. वाटेवरून पाहिले तर राखाडी खुंटांच्या पायाशी रोवनची लाल फळे लगडलेली दिसतात. आम्ही मोजू लागलो तेव्हा दहा पावलांत पाच जातींची रोपे सापडली.

परंतु गावकऱ्यांना हे सहजी पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे फेटाळून लावावे असेही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये ब्रॉकेनजवळ मोठा वणवा पेटला. शिखरावरील पर्यटकांना खाली आणावे लागले, आग विझवण्यासाठी विमाने मागवावी लागली. वाळलेले लाकूड घराशेजारी ठेवून तुम्ही आम्हाला संयम शिकवता काय, असा प्रश्न शीर्केतील माणसाने विचारला तर काय उत्तर द्यावे? शिवाय उभे मृत वृक्ष केव्हा पडतील याचा नेम नसल्याने अधूनमधून वाटा बंद ठेवाव्या लागतात, आणि वाट बंद म्हणजे गावाचा धंदा बंद. माझे मत विचाराल तर वस्तीलगत मोकळा पट्टा ठेवावा आणि आतल्या भागात उद्यानाच्या म्हणण्याप्रमाणे वाट पाहावी. घाईघाईने नवी लागवड करणारा माणूस पुन्हा सर्वांत लवकर वाढणारे झाडच निवडेल, हा धोका मला वणव्याइतकाच खरा वाटतो.

बंद वाटांचा या गावाला याहून कठीण अनुभव आहे. शीर्के पूर्व जर्मनीत, सीमेला खेटून होते. गावात येण्यासही परवाना लागे. ब्रॉकेनचे शिखर ऑगस्ट 1961 पासून लष्करी क्षेत्र झाले, वर टेहळणीची केंद्रे बसली आणि भोवती 3.6 मीटर उंचीची भिंत उभी राहिली. ज्या डोंगराच्या नावावर गाव जगत होते, त्यावर गावकऱ्यांना अठ्ठावीस वर्षे पाऊल ठेवता आले नाही. बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 रोजी खुली झाली तरी ब्रॉकेनचे फाटक बंदच होते. अखेर 3 डिसेंबरला शेकडो लोक पायी वर चालत गेले, फाटकापाशी उभे राहून त्यांनी ते उघडावयास लावले. आज त्या सीमेची सुमारे 1,400 किलोमीटरची पट्टी ‘हरितपट्टा’ म्हणून राखली जाते, आणि गस्तीसाठी टाकलेल्या छिद्रांच्या काँक्रीट फरशांवरून सहली निघतात.

वाटांची देखभाल हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. 1886 मध्ये स्थापन झालेला हार्त्सक्लुब हा स्वयंसेवी संघ आजही पाट्या लावतो, खुणा रंगवतो. 1975 च्या वनकायद्यानुसार देशातील कोणत्याही जंगलात, ते खासगी मालकीचे असले तरी, विरंगुळ्यासाठी पायी फिरण्याची मुभा आहे. जोखीम मात्र ज्याची त्याने घ्यावयाची. राष्ट्रीय उद्यानात आखलेली वाट सोडता येत नाही. मुक्कामी पाहुण्यांकडून दररोज थोडा कर घेतात आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या कार्डावर स्थानिक बस विनाभाडे. कराचा मोबदला करदात्याच्या हातात ठेवण्याची ही रीत मला फार आवडली.

ब्रॉकेनवर वर्षातील बहुसंख्य दिवस धुके असते. सूर्य पाठीशी खाली आणि समोर धुके असले म्हणजे स्वतःची प्रचंड सावली व तिच्या मस्तकाभोवती रंगीत वलये दिसतात. जगभर या दृश्याला ‘ब्रॉकेनचे भूत’ म्हणतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून असेच वर्तुळाकार इंद्रवज्र दिसते; कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये त्याची नोंद केली होती. त्यांनी त्याला भूत केले, आपण इंद्राचे वज्र केले. आम्हाला दोन्हीकडे नुसतेच धुके दिसले.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. शिखरावरील उपाहारगृहात मटारचे सूप प्रसिद्ध आहे, त्यात सॉसेज असते. न विचारता वाडगा उचलू नये. खाकरे आणि ठेपले पिशवीत असावेत. जून-जुलैत सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो, त्यामुळे दिवसभर भटकूनही सायंकाळचे जेवण उजेडात होते. आणि मुले सोबत असतील तर शिक्क्यांची पुस्तिका अवश्य घ्यावी. हार्त्सभर 222 ठिकाणी हिरव्या पेट्यांत शिक्के ठेवलेले आहेत. आठ जमले की कांस्यपदक, सोळा जमले की रौप्य, चोविसांना सुवर्ण, आणि सर्व 222 पूर्ण करणाऱ्यास ‘सम्राट’ ही पदवी. कोणी तपासनीस नाही, कोणी पहारेकरी नाही, शिक्का ज्याचा त्याने मारावयाचा. आमच्या पुस्तिकेत अकरा आहेत.