हुतुतूचे बदलते रूप

मुलांनो, कोणताही खेळ जन्मास येतो तेव्हा जसा असतो, तसाच तो पुढे राहत नाही. बास्केटबॉलचेच पाहा. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला लावून तो सुरू केला. टोपलीला बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे! १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथम स्थान मिळाले, तेव्हा अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात आणि चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडावर १९-८ असा विजय मिळविला. चिखलात चेंडू उसळणार तरी कसा?

त्याच वर्षी त्याच नगरीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत कबड्डी, म्हणजे आपला हुतुतूही होता. हुतुतू हा मातीतलाच खेळ. तो पुढे मॅटवर गेला.

महाराष्ट्रात ज्याला हुतुतू म्हणत, त्यालाच दक्षिणेत चेडुगुडू आणि बंगालात हाडुडू म्हणत. नावांप्रमाणे नियमही निराळे. ‘संजीवनी’ प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, ‘गामिनी’त एकदा मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसे, ‘अमर’ प्रकारात तर बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे, प्रतिपक्षास गुण तेवढा मिळे. अशा स्थितीत दोन प्रांतांचे संघ समोरासमोर आले, तर खेळापेक्षा वादच अधिक रंगायचा. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि खेळाला एकच नाव व एकच नियमावली लाभली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी तर या खेळासाठी आयुष्य वेचले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, ते या शिस्तीमुळेच. ‘हुतुतू’ हे लाडके नाव मागे पडले, याची हळहळ मलाही वाटते. पण तो सौदा तोट्याचा नव्हता. २०१८ साली जकार्ता येथे इराणने आपल्या पुरुषांना आणि महिलांना, दोघांनाही हरविले. आपणांस त्याचे वाईट वाटले खरे. परंतु खेळ परक्या देशात रुजल्याची याहून मोठी खूण कोणती?

एका बदलाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. पूर्वी चढाई करणाऱ्याचा दम टिके, तोवर त्याची चढाई चाले. आता तिला तीस सेकंदांची मर्यादा आहे. बास्केटबॉलमध्येही अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी १९५४ साली चोवीस सेकंदांचा नियम केला. पण तेथे खेळाडू चेंडू अडवून वेळ काढीत, म्हणून तो आवश्यकच होता. आपल्याकडे त्या मर्यादेने वेळकाढूपणा गेला, आणि त्याबरोबर लांब दमाच्या गड्याचे मोलही थोडे उणे झाले. निदान ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष तरी पंचांना स्पष्ट ऐकू आला पाहिजे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या सामन्यांत वाद्यांचा गजर एवढा असतो, की प्रेक्षकाला तो दम ऐकूच येत नाही. ज्या खेळाचा प्राण श्वासात आहे, त्यात श्वासच ऐकू येऊ नये, हे मला पटत नाही.

मॅट वाईट नाही. तिच्यावर धूळ उडत नाही, खडे टोचत नाहीत, पावसाळ्यात छपराखाली खेळता येते. पण मॅट मिळेपर्यंत खेळायचेच नाही, हा विचार चुकीचा आहे. आमच्या रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांतही हा खेळ रंगत आला आहे. पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली. इमारती वाढल्या, मोकळ्या जागा आक्रसल्या. तरीही पुरुषांच्या कबड्डीला तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढेच मैदान लागते. तुम्हांला तर त्याहून लहानही पुरेल. दगड वेचून, पाणी शिंपडून, फक्कीने रेषा आखल्या की ते तयार होते. प्रत्येक शाळेने एवढी माती राखून ठेवावी, आणि ती राखली नसेल तर तुम्ही आपल्या मुख्याध्यापकांकडे ती मागावी.