'कोसळला' म्हणू नका, कोणी पाडले ते विचारा

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. पहिल्या शब्दात करणारा दिसत नाही, दुसऱ्यात तो लपूच शकत नाही. आणि शोषितांच्या घरात माणूस गेला की पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांच्या लेखणीला पहिलाच शब्द सुचतो. खचला. कोलमडला. कोसळला.

वाक्प्रचार तर याहून पुढचे. नापिकीचा धसका 'घेतला', कर्जाची हाय 'खाल्ली', हातपाय 'गाळले', कच 'खाल्ली'. म्हणजे घेणारा तोच, खाणारा तोच, गाळणाराही तोच! सावकार, बँक, पाटबंधारे खाते, मंत्रालय यांचा त्या वाक्यात मागमूस नाही. ही भाषा भोळी आहे असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात काळ्या मातीतली विहीर पावसाळ्यात खचते. तेव्हा लोक काय विचारतात? बांधकाम कोणी केले, ठेकेदार कोण, पाणी कुठून मुरले. विहिरीला कोणी 'मनाची कमजोर' म्हणत नाही. माणूस खचला की मात्र त्याचा स्वभाव, त्याची दारू, त्याचे घरातले भांडण उकरले जाते.

१३ मार्च २०२५, होळीचा दिवस. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपले आयुष्य संपवले. राज्य शासनाने पुरस्कार देऊन गौरवलेला हा तरुण शेतकरी. खडकपूर्णा धरणाचे पाणी आपल्या भागातल्या गावांना मिळावे म्हणून त्याने उपोषण केले होते, आणि मागे ठेवलेल्या चिठ्ठीतही पाणीच मागितले. याला 'नैराश्यातून टोकाचे पाऊल' म्हणायचे? जो माणूस शेवटच्या ओळीतही मागणी करतो, त्याच्या मृत्यूला मनाची अवस्था कारण म्हणून चिकटवणे ही त्या मागणीचीच विल्हेवाट आहे.

पण आमचे भांडण इथे थांबत नाही. 'शेतकरी आत्महत्या' या शब्दात आपला माणूस बसतो का? २००६ च्या शासन निकषाप्रमाणे मदतीला पात्र ठरायला शेती नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. मग एक लाख रुपये, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. भूमिहीन मजुराकडे सातबाराच नाही. त्याचे कर्ज उसनवारीचे, नाहीतर बिनपरवाना सावकाराचे. म्हणजे तो मेल्यावरही 'अपात्र'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२१ चे आकडे पाहा. देशात शेतीशी संबंधित १०,८८१ आत्महत्या, त्यात शेतकरी ५,३१८ आणि शेतमजूर ५,५६३. मजूर जास्त आहेत. त्यांच्यासाठी कोणत्या चॅनेलवर चर्चा झाली?

ज्यांनी जमीन मागितली त्यांचे काय झाले तेही आठवा. ६ डिसेंबर १९६४ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, आणि आपल्या लोकांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ ला निघाला. तरी अनेक कुटुंबांचे नाव आजही सातबाऱ्यावर चढलेले नाही आणि २०२२ साली अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा मात्र वेळेवर आल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका कागदाने हिसकावली जाणार म्हटल्यावर घरातला कर्ता हादरला, तर त्याने 'धसका घेतला' म्हणायचे की त्याला धसका दिला म्हणायचे?

आता 'अचानक' या शब्दाकडे येऊ. तो सगळ्यांत धोकादायक.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद पुकारला गेला, धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. आधी सांगितले गेले की छातीत दुखू लागले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याकडे बोट दाखवत होता. आई न्यायालयात गेली, अॅड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही आदेश टिकला. त्या माउलीने 'अचानक' हा शब्द स्वीकारला असता तर फाईल डिसेंबरातच बंद झाली असती.

रोहित वेमुलाबद्दलही असेच बोलले गेले. त्याला वसतिगृहातून बाहेर काढले होते आणि सात महिन्यांची फेलोशिप थकली होती, हे सांगायचे सोडून त्याच्या मनाचा पंचनामा झाला. शेजारच्या जळगावच्या डॉ. पायल तडवीच्या वेळी 'कामाचा ताण' पुढे केला गेला. ताण तर सगळ्यांनाच असतो, मग अॅट्रॉसिटी कायद्याखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आरोपपत्र कशासाठी दाखल झाले?

बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यांच्या पूर्वजांना 'ब्रोकन मेन' म्हटले, म्हणजे टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन पांगलेली माणसे. ती आपोआप मोडली असे ते लिहीत नाहीत. त्या ग्रंथाचे नावच विचारते की हे कोण होते आणि अस्पृश्य का झाले. आणि 'दलित' म्हणजे दळलेला, भरडलेला. जाते कोणाचे, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

काही मित्र म्हणतील, नैराश्य हा आजार आहे, तो नाकारता का? नाही. आजार खरा आहे, त्यावर औषध आहे, आणि भीमसैनिकाने डॉक्टरकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. शासनाचा टेलिमानस क्रमांक १४४१६ प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहा. क्षयरोगाचे जंतू असतात म्हणून कोंदट खोलीच्या मालकाला कोणी सोडून देत नाही, एवढेच आमचे म्हणणे. आणि हो, थकून घरी बसलेल्या कार्यकर्त्याला 'कच खाल्ली' म्हणून हिणवणारे आपल्यातही आहेत. त्यांनी आधी त्याच्या घरी जाऊन बसावे.

यापुढे जिल्ह्यात असा मृत्यू झाला की पोलीस 'आकस्मिक मृत्यू' लिहून मोकळे होण्याआधी आपले दोन कार्यकर्ते त्या घरी पोहोचले पाहिजेत. घरच्यांचा जबाब त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला लावा. वसुलीला कोण येत होते, नोटीस कोणत्या कार्यालयाची होती, शिष्यवृत्ती कोणत्या टेबलावर अडली होती, ही नावे जबाबात आली पाहिजेत. कोठडीतला मृत्यू असेल तर शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जावर पोच घ्या.