मुक्या सोबत्याचे दात

आमच्या शिरूर अनंतपाळ भागात दात न पाहता बैल विकत घेणारा शेतकरी विरळा. हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणी गोऱ्ह्याचा जबडा उघडून 'अदात', 'दोन दाती', 'जुळलेला' अशी पारख क्षणार्धात होते. गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, की घरातील लहान मूलही लाळ्या-खुरकुताची शंका घेऊन वडिलांस हाक मारते. ज्या घरांत ही दृष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच घरांत शहरातून हौसेने आणलेला गिनीपिग भरल्या वाटीपुढे उपाशी मरावा, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. आणि तिच्यात आमचाही वाटा असल्यामुळे येथे लिहिणे प्राप्त झाले.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी आपला गिनीपिग पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून शाळेत घेऊन आला. वाढदिवसाची भेट म्हणून तो त्यास मिळाला होता. प्राण्याच्या हनुवटीखालचे केस ओले व चिकट झाले होते. पेरूची फोड पुढे धरताच तो धावत येई, ती तोंडात घेई, दोन वेळा चघळी आणि टाकून देई. "सर, लई लाडावलंय ते," असे मुलाचे म्हणणे पडले. आम्हीही तोच समज करून घेतला आणि बिस्किट दुधात भिजवून देऊन पाहा, असा सल्ला दिला. चौथ्या दिवशी प्राणी मेला. जे वाचन आम्ही आधी करावयास हवे होते, ते त्यानंतर केले.

गिनीपिगला एकंदर वीस दात असतात. पुढचे चार तेवढे आपल्या दृष्टीस पडतात; उरलेल्या सोळा दाढा आत खोल, अरुंद तोंडात असतात. बैलाचे दात वयाबरोबर झिजतात आणि झिजले ते झिजले. याचे सर्वच दात मात्र जन्मभर वाढत राहतात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचे हे घराणे; चरबरीत गवत दिवसभर चघळावे आणि त्या घर्षणाने दाढा झिजून मापात राहाव्यात, अशी त्याची घडण आहे. गवताऐवजी बिस्किटे, पाव, पोहे मिळू लागले की चघळणे कमी होते, पण दाढांची वाढ काही थांबत नाही. खालच्या दाढा मुळातच जिभेकडे कललेल्या असतात. त्या वाढून दोन्ही बाजूंनी जिभेवर पुलासारख्या येतात आणि जीभ खाली दाबून धरतात. मग घास गिळता येत नाही, लाळही गिळता येत नाही, ती हनुवटीवर उतरते. भूक शाबूत असते, म्हणून तो अन्नाकडे धावतो. त्याला आम्ही लाड म्हणालो!

पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा ठेवला म्हणजे काम झाले, असे पुष्कळांस वाटते. त्याने फार तर पुढचे दात झिजतील, दाढांस त्याचा उपयोग नाही.

दुसरे कारण 'क' जीवनसत्त्वाचे. 1907 साली होल्स्ट व फ्रॉलिख या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेवले, तो त्यांस स्कर्व्ही झाली. गाय, बैल, कुत्रा हे प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. माणसास व गिनीपिगास ते बाहेरूनच घ्यावे लागते. ते न मिळाल्यास हिरड्या दुखावतात व दात मुळाशी सैल होतात. रोज थोडी ढोबळी मिरची व कोथिंबीर, अधूनमधून पेरूची लहानशी फोड, एवढ्याने हे संकट टळते.

मुख्य अन्न मात्र गवतच, आणि तेही अष्टौप्रहर समोर असावे. आमच्याकडे हरळीस तोटा नाही. फक्त तणनाशक फवारलेल्या सोयाबीनच्या बांधावरची कापू नये. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर प्राण्याचे वजन करून वहीत टिपावे. पूर्ण वाढलेला गिनीपिग साधारणतः 700 ते 1200 ग्रॅमचा असतो. हनुवटी ओली होण्यापूर्वीच पुष्कळदा वजन उतरू लागते. एक दिवस खाल्ले नाही तर रविवारच्या सुट्टीची वाट पाहू नये, कारण रिकाम्या पोटी याची आतडी लवकर थंडावतात. घरी नेलकटरने दात कापणे हा तर अघोरी उपाय होय. दात उभा चिरतो आणि खरे दुखणे मागे दाढांत तसेच राहते. दाढा घासण्याचे काम भूल देऊन पशुवैद्यानेच करावयाचे. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे विचारणा करावी. आणि माणसांसाठी आणलेली पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनची गोळी याच्या तोंडात कदापि घालू नये. तिने त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरतात आणि त्यापायी प्राणीही दगावतो.

एवढ्याशा जिवासाठी इतका खटाटोप कशाला, असे एका पालकांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे, व आमचे उत्तर असे की मग तो आणू नये. न आणण्यात काहीच कमीपणा नाही. हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. पाचवीत मिळालेली भेट मुलगा दहावी उतरला तरी घरात असू शकते. तेव्हा त्याचे गवत कोण कापील, हे दुकानात पैसे मोजण्यापूर्वी ठरवावे. मुलाच्या एका दिवसाच्या आनंदासाठी पिंजरा विकत घेणाऱ्या वडीलधाऱ्यांवर आमचा राग अधिक आहे. मुलास काय ठाऊक असणार? आम्हां शिक्षकांसही ठाऊक नव्हते.

त्या विद्यार्थ्याने यंदा दुसरा गिनीपिग आणण्याची परवानगी वडिलांकडे मागितली. वडिलांनी त्यास आमच्याकडे धाडले. आधी दोन महिने पुरेल इतके गवत वाळवून दाखव, असे आम्ही त्यास सांगितले आहे. त्याच्या घराच्या माळवदावर सध्या हरळी पसरलेली असते. पिंजरा अद्याप रिकामा आहे.